रुगर अलास्कन .४५४ : अडीच इंची नळीच्या दणकट रिव्हॉल्व्हरचं परीक्षण, नागपूरकरांसाठी

अमेरिकेच्या रुगर कंपनीचं सुपर रेडहॉक अलास्कन नागपुरातल्या शस्त्रविक्रेत्याच्या काउंटरवर मिळत नाही. परदेशी शस्त्रांची खासगी आयात सर्वसामान्य परवानाधारकाला १९८०च्या दशकापासून बंद आहे, आणि इथे नवं रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की गाडी बहुतेक .३२ बोअरवर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचांत) येऊन थांबते. तरीही याच्याबद्दल मराठीत नीट लिहायला हवं. प्रतापनगर, मनीषनगर, धरमपेठेतल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज डेन्व्हर-सिअॅटलकडे आहेत. पेंच आणि ताडोबाने लावलेलं जंगलाचं वेड तिथेही सुटत नाही, आणि अस्वलांच्या मुलखात तंबू ठोकायची वेळ आली की जवळ काय ठेवायचं हा प्रश्न निघतोच. मग कुणीतरी हेच रिव्हॉल्व्हर सुचवतं : आकाराने आटोपशीर आणि ताकदीने प्रचंड.

मत आधीच सांगतो. अंगावर धावून आलेल्या मोठ्या जनावराला दहा पावलांवर थांबवायचं, या एका कामासाठी हे रिव्हॉल्व्हर फार विचार करून बनवलेलं आहे. शिकारीसाठी, नेमबाजीच्या सरावासाठी किंवा शहरात स्वसंरक्षणासाठी ते घेऊ नये. तिन्ही ठिकाणी ते कमी पडतं, आणि का कमी पडतं ते आकड्यांत दाखवता येतं.

सुपर रेडहॉक १९८७ सालचं आणि त्याचं हे आखूड रूप २००५ सालचं. मूळ रिव्हॉल्व्हरची फ्रेम, म्हणजे सांगाडा, सिलिंडरच्या (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याच्या) पुढेही लांब गेलेली असते. अलास्कनमध्ये नळी त्या वाढीव फ्रेमच्या आतच संपते, म्हणून समोरून पाहिलं की नळी दिसत नाही, जाडजूड पोलादातलं एक भोक दिसतं. नळी २.५ इंच, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. एकूण लांबी साधारण १९४ मिलिमीटर. हे दोन काडतुसांसाठी मिळतं : रिकामं वजन .४५४ कसूलमध्ये सुमारे १२४७ ग्रॅम, .४४ मॅग्नममध्ये थोडं जास्त, १२७५ च्या आसपास. बोअर मोठा असल्याने .४५४ मध्ये भोकं मोठी आणि पोलाद कमी, म्हणून जोरदार काडतुसाचं मॉडेल हलकं. दोन्हींत काडतुसं सहा.

बांधणीत नाव ठेवायला जागा नाही. फ्रेमला बाजूची झाकणपट्टी नाही, ती अखंड आहे. ट्रिगरची सगळी यंत्रणा एका गठ्ठ्यात खालून आत जाते. सिलिंडर मागे, खाली आणि पुढे क्रेनपाशी (ज्या बिजागरीवर तो बाजूला उघडतो तिथे) असा तीन ठिकाणी अडकतो. बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये पुढची पकड एजेक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, दांडीच्या टोकाशी असते. ती दांडी वाकली की सिलिंडर डगमगतो. इथे दांडीवर तो भारच नाही. .४५४ चा सिलिंडर वेगळ्या, अधिक मजबूत पोलादाचा आहे, आणि ते गरजेचंही आहे : .४५४ कसूलचा कमाल दाब ६५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरला जातो. .४४ मॅग्नमचा ३६,०००. आपल्याकडच्या .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचा जेमतेम १५,०००. .४५४ च्या काडतुसात पिस्तुलाचा नाही, छोटा रायफल प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बसतो, तो याच दाबामुळे.

आता मुद्द्याचं. आखूड नळीने काय जातं?

आधी वेग जातो. ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅमची .४५४ ची गोळी साडेसात इंची नळीतून सेकंदाला ४९५ मीटरच्या आसपास निघते. अडीच इंचांतून तीच गोळी ३८० ते ३९५ वर येते. एक पंचमांशाहून जास्त वेग गेला. या काडतुसात हळू जळणारी दारू भरलेली असते आणि तिला जळायला लांबी लागते. लांबी न मिळाल्याने उरलेली दारू नळीबाहेर जळते. म्हणून संध्याकाळच्या उजेडात या रिव्हॉल्व्हरचा जाळ फुटबॉलएवढा दिसतो आणि पुढची सेकंद-दोन सेकंद डोळ्यांसमोर अंधारी येते. .४४ मॅग्नमच्या २४० ग्रेनच्या गोळीचंही तेच : आखूड नळीतून सेकंदाला ३०५ ते ३३५ मीटर.

एवढं जाऊनही उरतं ते पुष्कळ. ३८५ मीटर वेगाने .४५४ ची ऊर्जा १४०० ज्यूलच्या वर जाते. .३२ च्या ९८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीची १५० च्या आत राहते. दहापट फरक.

नेम मात्र वेगापेक्षा महाग पडतो. मागच्या आणि पुढच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर समजा १४ सेंटीमीटर आहे. जोडणीत १ मिलिमीटरची चूक झाली तर ७ मीटरवर गोळी ५ सेंटीमीटर सरकते, १५ मीटरवर सुमारे ११, आणि २५ मीटरवर १८. नळी मुळात चुकत नाही. शिशाच्या पोत्यावर टेकवून, हॅमर आधी चढवून शांतपणे झाडलं तर अडीच इंची नळीही चांगला गट देते. पण उभ्याने, दोन हातांत, डबल अॅक्शनने (हॅमर आधी न चढवता नुसता ट्रिगर ओढून), हा सव्वा किलोचा गोळा धरून १ मिलिमीटरच्या आत राहणं फार थोड्यांना जमतं. सरावलेल्या हाताला १५ मीटर ही प्रामाणिक मर्यादा. नवख्याला सात.

शिकारीचा प्रश्न इथेच निकालात निघतो. अमेरिकेत हँडगनने हरणाची शिकार करणारे लोक साडेसात किंवा साडेनऊ इंची नळ्या वापरतात, वर दुर्बीणही लावतात. शिवाय कायदा आहे. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच लागते, इलिनॉय आणि इंडियानात किमान ४ इंच. अलास्कन तिन्ही राज्यांत हरणाच्या शिकारीला बेकायदा ठरतं. 'एकाच शस्त्रात शिकारही होईल आणि संरक्षणही' असं कुणी सांगत असेल तर आधी त्या राज्याच्या वन्यजीव विभागाची त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडून नळीची लांबी वाचावी.

धक्क्याबद्दल लोक एक तर घाबरवतात नाही तर फुशारकी मारतात. हिशेब मांडलेला बरा. गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि शस्त्राचं वजन धरून मागे येणारी ऊर्जा काढली तर कानपूरच्या ७०० ग्रॅमच्या .३२ मध्ये ती पावणेदोन ज्यूलच्या आसपास येते. अलास्कनमध्ये साधं .४५ कोल्ट झाडलं तर सात-साडेसात. अलास्कनच्याच .४४ मॅग्नममध्ये अठरा. आणि .४५४ च्या पूर्ण ताकदीच्या काडतुसाला सदतीसच्या घरात. म्हणजे .३२ वर हात बसलेला माणूस थेट .४५४ उचलतो तेव्हा वीसपट धक्का घेतो. वीसपटीचा अंदाज हाताला नसतो. मनगट ढिलं राहतं, नळी कपाळाच्या दिशेने उसळते, आणि भेदरलेलं बोट ट्रिगर पुन्हा दाबून बसतं. दुसरी गोळी आभाळात किंवा त्याहून वाईट जागी जाते. मोठ्या बोअरवर नवख्यांच्या हातून होणाऱ्या अपघाताचा हा ठरलेला मार्ग आहे.

त्यावरचा उपाय साधा आहे आणि तो कुणीही टाळू नये : पहिल्यांदा हात लावणाऱ्याला सिलिंडरमध्ये एकच काडतूस. ते झाडून झालं, रिव्हॉल्व्हर खाली टेकलं, मगच पुढचं. अशी सहा झाली आणि नळी दर वेळी ताब्यात राहिली तर दोन भरावीत. जवळ उभा असलेला भाऊ किंवा मेहुणा 'घे रे, काही नाही होत' म्हणत सहाच्या सहा भरून देत असेल तर सरळ नाही म्हणावं.

.४५४ घेण्यामागचं खरं कारण तिचं कमाल बळ नाही. तिच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) .४५ कोल्ट बसतं, हे आहे. .४५ कोल्टची पुंगळी ३२.६ मिलिमीटर, .४५४ ची ३५.१. व्यास तोच, गोळी तीच ११.५ मिलिमीटरची. १८७३ पासून चालत आलेलं हे काडतूस शांत आहे : २५० ग्रेनची जड गोळी, कमी वेग, ढकलल्यासारखा धक्का. सराव यावर करायचा. पहिल्या दिवशी दहा मीटरवर .४५ कोल्टची अठरा काडतुसं, शेवटी .४५४ ची तीन, आणि घरी. चौथ्या-पाचव्या फेरीनंतरही एका दिवसात बारापेक्षा जास्त पूर्ण ताकदीची काडतुसं झाडू नयेत. त्यापुढे हात शिकत नाही, दचकायला शिकतो. आणि एकदा दचकायची सवय लागली की ती मोडायला महिने जातात.

पण या सोयीची एक किंमत आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. .४५ कोल्ट आखूड असल्याने चेंबरच्या पुढच्या भागात काजळी आणि शिशाचं कडं साचतं. नेमकं तिथेच .४५४ च्या लांब पुंगळीचं तोंड येतं. कडं न काढता .४५४ भरली तर काडतूस शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अंगठ्याने रेटावं लागतं, झाडल्यावर पुंगळीचं तोंड मोकळेपणी फुगत नाही, दाब वाढतो आणि पुंगळ्या चेंबरला घट्ट चिकटतात. म्हणून .४५ कोल्टच्या सरावानंतर .४५४ भरण्याआधी प्रत्येक चेंबरमध्ये द्रावण लावलेला .४५ चा कांस्य ब्रश, दहा-बारा फेऱ्या, मग कोरडं फडकं. रिकामी .४५४ पुंगळी चेंबरमध्ये सोडून पाहावी. ती स्वतःच्या वजनाने तळाला बसली पाहिजे. बोटाने ढकलावी लागली तर ब्रश पुन्हा.

दुसरी अडचण याहून गंभीर, कारण ती ऐन वेळी येते. धक्क्याने रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे जातं, सिलिंडरमधली न झाडलेली काडतुसंही मागे जातात, पण त्यांतल्या जड गोळ्या जागेवर राहू पाहतात. पुंगळीच्या तोंडाची घडी सैल असेल तर गोळी दर धक्क्याला थोडी थोडी बाहेर सरकते. चौथ्या-पाचव्या वेळी तिचं टोक सिलिंडरच्या पुढच्या तोंडाबाहेर येतं, फ्रेमला अडकतं, आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. ट्रिगर दाबला जात नाही, हॅमर चढत नाही. जंगलात हे झालं तर हातात सव्वा किलोचं लोखंड उरतं.

याची परीक्षा रेंजवरच करायची. ज्या डब्यातली काडतुसं जंगलात नेणार, त्यातली सहा घ्या. एकावर मार्करने खूण करा आणि व्हर्नियर कॅलिपरने त्याची लांबी मोजा. ते अशा जागी भरा की शेवटी येईल. पाच झाडा, खुणेचं काढा, पुन्हा मोजा. लांबी जागच्या जागी असेल तर डबा चांगला. अर्धा मिलिमीटर वाढली असेल तर त्या कंपनीचं ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. निकाल वजनावर अवलंबून असल्याने एका रिव्हॉल्व्हरमध्ये पास झालेलं काडतूस दुसऱ्या, हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये नापास होऊ शकतं.

हलक्या रिव्हॉल्व्हरचा विषय निघालाच तर स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ३२९ पीडीशी तुलना करायलाच हवी, कारण अमेरिकेतल्या दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात. ३२९ पीडी .४४ मॅग्नममध्ये, फ्रेम स्कँडियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमची, सिलिंडर टायटॅनियमचा, नळी चार इंचांहून किंचित जास्त, आणि वजन फक्त ७१० ग्रॅमच्या आसपास. कमरेला दिवसभर जाणवत नाही. पण वरचाच हिशेब लावला तर तिचा धक्का तीस ज्यूलच्या वर जातो, म्हणजे .४४ मॅग्नमचं काडतूस झाडून जवळपास अलास्कन .४५४ एवढा मार खायचा. मिळतं मात्र .४४ चंच बळ. वाचलेलं अर्धं किलो हाताच्या पंजाने फेडावं लागतं. रोज पंधरा किलोमीटर चालणाऱ्या आणि वर्षातून पन्नास काडतुसं झाडणाऱ्याला ती ठीक. नियमित सराव करणाऱ्याने अलास्कनच घ्यावं. जड शस्त्र सरावाला बोलावतं, हलकं पळवून लावतं.

वजनाच्या दुसऱ्या टोकाला पाऊणेतीन इंची नळीचं .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम. काडतूस २००३ सालचं, सिलिंडरमध्ये पाच, वजन दीड किलोच्या वर. आमच्या मते अडीच-पावणेतीन इंचांत .५०० घालण्याला अर्थ नाही. दारूचा मोठा भाग बाहेर जळतो, दुसरा नेम लागायला फार वेळ जातो. उलट्या बाजूला चार्टर आर्म्सचं .४४ स्पेशल बुलडॉग आहे : पाच काडतुसं, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, १९७३ पासूनची रचना. शहरातल्या माणसासाठी ते समंजस शस्त्र आहे, अस्वलासाठी नाही. मधला मार्ग हवा असेल तर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६९, पाऊणेतीन इंची नळी, .४४ मॅग्नम, पाच काडतुसं, एक किलोच्या किंचित खाली. अलास्कन जड वाटत असेल तर त्याच्याकडे आधी पाहावं.

पुन्हा अलास्कनकडे. मुठीवर होग कंपनीचं रबरी आवरण येतं, मागच्या बाजूला आत मऊ गादी असलेलं. हे बदलून शिसवी लाकडाची देखणी मूठ बसवायचा मोह होतो. करू नये. लाकूड दिसतं छान, पण .४५४ च्या तिसऱ्या काडतुसाला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलते. रुगरच्या फ्रेमला मुठीच्या जागी फक्त एक खुंटी असते, त्यामुळे रबर सर्व बाजूंनी हाताला येतं आणि पोलाद कुठेच टोचत नाही. हात शक्य तितका वर, बेचकं मुठीच्या माथ्याशी. दोन्ही अंगठे खाली वाकवलेले, एकावर एक. पिस्तुलासारखे अंगठे पुढे ताणून ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडावीच लागेल. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट असते, तिथून बाजूला निघणारा गरम वायू .४५४ च्या दाबाला बोटाचं मांस कापतो. सिलिंडरच्या पुढच्या तोंडापलीकडे एकही बोट नको, कधीच.

कानांचंही तसंच. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कायमचं नुकसान करू शकतो आणि आखूड नळीचं मॅग्नम १६० च्या पुढे जातं. आत फोमचे बोळे, वर कान झाकणारे मफ. दोन्ही. बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्यालाही दोन्ही. डोळ्यांना चष्मा तर हवाच, न जळलेल्या दारूचे कण मागेही उडतात.

पुंगळ्या काढताना घाई नडते. नळी सरळ आभाळाकडे, सिलिंडर बाहेर, आणि एजेक्टरच्या दांडीवर तळहाताचा एकच जोरकस फटका. नळी आडवी ठेवून हळूहळू ढकललं तर एखादी पुंगळी एजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्यांच्या कडा उचलणाऱ्या चकतीखाली) घसरते, आणि मग ती काढायला चाकूचं टोक शोधावं लागतं. भरताना उलटं, नळी जमिनीकडे. एखादा बार फुसका निघाला, आवाज कमी आला, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकली असू शकते. अडीच इंची नळीत हे फार होत नाही, पण झालं आणि मागून दुसरी .४५४ सोडली तर नळी किंवा सिलिंडर फुटू शकतो. ट्रिगर दाबून बारच झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबावं, मगच उघडावं.

जंगलात काय भरायचं? मोठ्या अस्वलाच्या खांद्याची हाडं फोडून आत जायला कडक ओतीव शिशाची, रुंद चपट्या तोंडाची ३०० ते ३६० ग्रेनची गोळी. पोकळ तोंडाची गोळी फुलते आणि स्नायूंतच थांबते, ती हरणासाठी. तपकिरी अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे २५ मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. होल्स्टरमधून काढून एक, फार तर दोन गोळ्या. म्हणून पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्याखाली दबणारा कमरेचा होल्स्टर नको, छातीवर तिरपा येणारा हवा. आणि रिव्हॉल्व्हरच्या आधी तिखटाचा फवारा घ्या. अलास्कातल्या जुन्या घटना तपासणाऱ्या २००८ च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर फवारा ९२ टक्के वेळा उपयोगी पडलेला दिसला. तिथल्याच बंदुकांच्या घटनांच्या २०१२ च्या अभ्यासात हँडगनचा आकडा ८४ टक्के होता. फवाऱ्याला नेम कमी लागतो, आणि तो वापरल्यावर कुणाला कागद भरून द्यावे लागत नाहीत. अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलं तर त्याचं कातडं आणि कवटी काढून राज्याच्या विभागाकडे जमा करणं मारणाऱ्यावर बंधनकारक आहे. अडीचशे किलोच्या जनावराचं कातडं रानात उतरवणं म्हणजे दिवसभराचं काम.

आता नागपूरकरांना सगळ्यात जास्त लागू असलेला भाग. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगणं गुन्हा आहे. त्यात मुलांना भेटायला गेलेल्या आई-बाबांचा टुरिस्ट व्हिसा येतो, आणि नोकरीचा एच-वन-बीही येतो. रेंजवर भाड्याचं रिव्हॉल्व्हर हातात घेणं हेही बाळगणंच. मुख्य सूट आहे ती अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असणाऱ्याला. तो परवाना बहुतेक राज्यांत ऑनलाइन निघतो, काही ठिकाणी आधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो छापून खिशात ठेवावा. ग्रीन कार्ड असलेल्याला ही अडचण नाही. 'रेंजवाल्याने विचारलं नाही' ही सबब चालत नाही, जबाबदारी हात लावणाऱ्याची. अलास्कात मोठ्या जनावराची शिकार करायची तर अमेरिकेचा नागरिक नसलेल्या परदेशी पाहुण्याला परवानाधारक गाइड सोबत लागतोच. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र जवळ ठेवता येतं, झाडण्याची परवानगी मात्र नाही.

आपल्याकडचं चित्र पूर्ण वेगळं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि अभयारण्यात परवानगीविना शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, कुठेही. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत रानडुकरं धुडगूस घालतात हे खरं, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर बार टाकता येत नाही, आणि परवानगी असली तरी ते काम रायफलचं आहे, आखूड रिव्हॉल्व्हरचं नाही. शहरात शस्त्र परवाना पोलीस आयुक्तालयाचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा, आणि लग्नात-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं घेणारी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित वर्गात आहेत. मोठ्या बोअरची हौस इथे भागत नाही हे समजून घेतलेलं बरं.

इथे जवळपासचं काय, तर कानपूरच्या सरकारी कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेलं 'प्रबल'. .३२ बोअर, ७६ मिलिमीटर नळी, १७७.६ मिलिमीटर लांबी, वजन सातशे ग्रॅमच्या आत. त्याआधीची कानपूरची .३२ मधोमध मोडून उघडायची, प्रबलचा सिलिंडर अलास्कनसारखा बाजूला येतो. त्यामुळे वर सांगितलेली नळी वर-नळी खाली ही भरण्या-काढण्याची पद्धत प्रबलवर जशीच्या तशी बसते. अमेरिकेला जाण्याआधी नागपुरातच प्रबलवर किंवा रेंजच्या .२२ वर डबल अॅक्शनचा ट्रिगर न थांबता, एकाच दाबात मागे आणायला शिकून घ्यावं. अलास्कनवर लागणारं निम्मं कौशल्य तेच आहे, आणि ते धक्का नसलेल्या शस्त्रावरच शिकता येतं.

सफाईत अलास्कन सोपं आहे. सिलिंडर उघडून सहाही चेंबर रिकामे असल्याची खात्री, डोळ्याने आणि बोटानेही. मुठीच्या बुडातला स्क्रू काढला की रबर खाली सरकतं. हॅमर चढवायचा, स्प्रिंगच्या दांडीतल्या भोकात बारीक पिन घालायची, ट्रिगर दाबून हॅमर हळू खाली आणायचा. स्प्रिंग पिनेवर अडकते आणि पूर्ण जोडणी हातात येते. मग हॅमरची खीळ, हॅमर, आणि मागची बारीक कळ दाबून ट्रिगरचा गठ्ठा खाली. पिन घालायला विसरलं तर स्प्रिंग खोलीभर उडते. दर पाचशे काडतुसांनी एवढं पुरे, एरवी नळी, चेंबर आणि चांदणीची मागची बाजू. चांदणीखाली दारूचा एक कण राहिला तरी सिलिंडर जड फिरतो. स्टेनलेस आहे म्हणून गंजत नाही असं समजू नये. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनाभर ठेवलं की ठिपके पडतात. जुलै-ऑगस्टच्या नागपुरी हवेत .३२ वर तर पंधरा दिवसांतच पडतात. होल्स्टर वापरापुरता, ठेवताना कोरडं फडकं आणि तेलाचा पुसट हात.

आणि परतीच्या बॅगा भरताना रेंजवर नेलेली सॅक, जाकिटाचे सगळे खिसे आणि कॅमेऱ्याच्या पिशवीची अस्तरं उलटी करून झटकावीत. नागपूर विमानतळावर एक्स-रेमध्ये एक जिवंत काडतूस दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळीही चौकशीत तासन्‌तास घालवायला पुरते. .४५४ ची पुंगळी चांगली करंगळीएवढी आणि चकचकीत असते, मुलं ती हमखास उचलून खिशात टाकतात. त्यांचे खिसे आधी तपासा.